फळ्यावरचे नऊ मार्क

टॉकीजच्या ऑपरेटरला पडद्यापेक्षा डोकी जास्त दिसतात. मशीनच्या खोलीला समोर वीतभर रुंदीच्या दोन खिडक्या असतात. एकीतून उजेड जातो, दुसरीतून आपण बघायचं. पडदा लांब, आणि मध्ये सगळी माणसांची डोकी. केजच्या आमच्या टॉकीजमध्ये मी एकतीस वर्षं त्या खिडकीशी उभा होतो. पिक्चर चांगला असला की डोकी हलत नाहीत. पिक्चर पडला की आधी माना वळतात, मग मागच्या रांगेत मोबाइलचे उजेड लागतात, मग बाहेरचं दार करकरायला लागतं. हे वाचता यायला लागलं आणि त्यातूनच पुढं माझा फळा निघाला. लोक अजून रस्त्यात थांबवून विचारतात, "चाचा, फळा कावून बंद केला?" मी दरवेळी अर्धंच सांगतो. इथं सगळं सांगतो.

आमचे मालक, त्यांना सगळे आबा म्हणायचे. कापसाची जिनिंग त्यांची, शेती त्यांची, पुढाऱ्यांत ऊठबस. टॉकीज त्यांनी हौसेखातर ठेवलं होतं. रिळं गेली, पिक्चर हार्ड डिस्कमधून यायला लागले, त्याला काही वर्षं झाली होती. एका आठवड्यात ठरलेला हिंदी पिक्चर आला नाही आणि वितरकानं त्याच्या जागी हिंदीत डब केलेला एक इंग्रजी सुपरहिरोचा पिक्चर पाठवला. आबांनी पोस्टर उलटंसुलटं करून बघितलं.

"अंगाला चिकटलेली कापडं घालून माणूस उडतोय," ते म्हणाले, "हे आपल्याकडं कोण बघणार बे?"

शुक्रवारी तीसेक माणसं होती. रविवारी तेलगावकडून, चौसाळ्याकडून जीपा भरून आल्या आणि लोक बाल्कनीच्या पायऱ्यांवर बसले. त्यानंतर तसला पिक्चर आला की आम्ही आधीपासूनच जादा खुर्च्या काढून ठेवायचो.

हे पिक्चर आमच्या भागात एवढे का चालतात, यावर मी खिडकीशी उभा राहून पुष्कळ विचार केला. मारामारी तर आमच्या हिंदी पिक्चरातही असते. मला सुचलं ते असं. आमच्याकडं नवा माणूस भेटला की पहिल्यांदा त्याचं आडनाव विचारतात. गाव नंतर, काम नंतर. आडनाव कळलं की त्याच्याशी कसं बोलायचं ते ठरतं. मुखवटा घातलेल्या माणसाला कुणी आडनाव विचारत नाही. तो कुणाच्या बाजूचा, कुणाच्या माणसाला वाचवायला आला, हा प्रश्नच निघत नाही. एखादी बस पुलावरून लोंबकळत असते आणि तो खालून हात लावतो. त्या क्षणी आमच्या हॉलमधली सगळी डोकी एकसारखी स्थिर झालेली मी बघितली आहेत. गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात जातीपातीवरून जे वातावरण झालं, त्यात एवढी माणसं एका जागी एका गोष्टीसाठी श्वास धरून बसलेली मला दुसरीकडं कुठं दिसली नाहीत.

फळ्याचं कारण झाला करीमभाई. चौसाळ्याला रस्त्याकडेला त्याची फळांची गाडी होती. एकदा तो बायको, आई आणि तीन पोरांना घेऊन एवढ्या लांब आला आणि पिक्चर निघाला अगदी टाकाऊ. इंटरव्हलला तो जिना चढून थेट माझ्या खोलीच्या दारात आला. आम्ही दोघं आपसात दखनीत बोलतो, इथं मराठीत सांगतो. तो म्हणाला, "तुम्ही शुक्रवारपासून हा रोज बघताय. खाली तिकिटवाल्याला विचारलं की सगळ्यालाच 'भारी हाय' म्हणतो. तुम्ही एक शब्द खरा सांगितला असता तर माझ्या म्हाताऱ्या आईला जीपमध्ये आदळत आणलं नसतं."

मला ते लागलं. पुढच्या आठवड्यात मी शाळेत असतो तसला एक फळा आणून गेटजवळ टांगला. दहापैकी मार्क लिहायचे. नियम दोन. शुक्रवारचा पहिला शो संपल्याशिवाय लिहायचं नाही. आणि मार्क माझ्या आवडीचे नाहीत, डोक्यांचे. किती हलली, किती उठून गेली, इंटरव्हलनंतर किती परत आली. मार्कांच्या खाली एक ओळ माझी असायची. "गाणी लागली की चहा पिऊन या." "शेवट चांगला आहे, उठू नका." "मुलांना आणू नका." आबा पहिल्यांदा कुरकुरले, पण वाईट पिक्चरला कमी मार्क पडतात म्हटल्यावर लोकांचा चांगल्या पिक्चरच्या मार्कांवर विश्वास बसला आणि ते गप्प झाले.

करीमभाईची आणि माझी आवड मात्र कधी जुळली नाही. रडारडीच्या ज्या पिक्चरमधून लोक उठून जायचे, ते त्याला फार आवडायचे. तो म्हणायचा, "तुमचे तीन म्हणजे माझे आठ. तीन लिहिले की मी येतोच." आणि खरंच यायचा. माझ्या फळ्याची यापेक्षा मोठी तारीफ कुणी केली नाही. कारण पोरं मोबाइल नाचवत यायची, "चाचा, तुमी पाच दिले, हितं तर नऊच्या वर हाय," तेव्हा मी विचारायचो, हे नऊ कुणी दिले? त्यांना माहीत नसायचं. ज्यानं दिले तो रडारडीचा शौकीन आहे की मारामारीचा, त्यानं पिक्चर पूर्ण बघितला का, बघितला तरी का, काहीच माहीत नाही. करीमभाईला निदान मी माहीत होतो.

एके दिवशी दुपारी गवळीबाई आल्या. गावाबाहेर मूकबधिर मुलांची निवासी शाळा आहे, तिथं त्या शिकवायच्या. पन्नाशीच्या, सडसडीत, बोलतानाही हात हलत राहायचे. फळ्यावर त्या आठवड्यात सुपरहिरोच्या पिक्चरला आठ होते.

"इस्माईलभाई, तुमच्या फळ्यावर माझा भरवसा आहे," त्या म्हणाल्या. "पण हे आठ ऐकणाऱ्यांचे आहेत. आमच्या मुलांना कळेल का?"

म्हटलं, उद्या सांगतो. आमच्या भागात कापसाला काय तोटा. दोन बोळे कानात घट्ट घालून, वर रुमाल बांधून मी पुढचा शो बघितला. अर्ध्या तासात मी बोळे विसरून गेलो. कोण चांगलं, कोण वाईट, कुणाचं कुणावर प्रेम, सगळं समजत होतं. दुसऱ्या दिवशी बाईंना निरोप दिला, आणा.

बावीस मुलं आली. पुढच्या दोन रांगा त्यांना दिल्या. बसल्याबसल्या सगळ्यांनी चपला काढल्या आणि तळपाय जमिनीवर टेकवले. मला काही कळेना. बाईंनी वर बघून हातानं खूण केली, आवाज वाढवा. मुकी-बहिरी मुलं, आणि आवाज वाढवा? मी वाढवला. पडद्यावर पहिला स्फोट झाला आणि बावीस चेहरे एकदम हसले. त्यांना तो पायातून आला होता. पिक्चर संपल्यावर एक मुलगी जिन्यापाशी येऊन माझ्याकडं बघत उभी राहिली, आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्या. तिनं दोन्ही मुठी छातीवर आपटल्या आणि वर बोट केलं. बाई म्हणाल्या, "ही पल्लवी. म्हणतेय, इथं वाजलं."

त्या दिवसापासून प्रत्येक पिक्चर मी एकदा कापूस घालून बघायला लागलो. जो आवाजाशिवाय समजेल, त्याच्या मार्कांशेजारी फळ्याच्या कोपऱ्यात एक लहानसा कान काढायचो. त्या खुणेचा अर्थ बाईंना माहीत होता. तीन वर्षं असं चाललं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

आबांचे एक पाहुणे, म्हणजे नात्यातले, पुढारी होते. त्यांच्या पोराला हिरो व्हायचं होतं. त्यांनी मराठी सुपरहिरोचा पिक्चर काढला. पोरगा मुखवटा घालून गावोगाव संकटातल्या लोकांना वाचवतो, अशी गोष्ट. रिलीजच्या आधी दोन दिवस कामासाठी मी आबांच्या जिनिंगच्या ऑफिसात गेलतो. दुपारची वेळ. सतरंजीवर पंधरा-वीस पोरं मांडी घालून बसलेली, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, समोर वडापावचे कागद. मान वर करायला कुणाला सवड नव्हती. ओळखीच्या एकाला विचारलं.

"काय करताय रे?"

"पिक्चरला स्टार देतोय, चाचा."

"पिक्चर तर अजून आला न्हाई. कशाचे स्टार देताय?"

"नावाचे," तो म्हणाला आणि हसला. "एका नंबरवरून एकदाच देता येतंय, म्हणून घरच्या समद्यांचे मोबाइल आणलेत. हा आज्जीचा हाय."

मीही हसलो. घरी जाताना मनात म्हणालो, आपला फळा हे करत नाही. फार अभिमान वाटला होता मला त्या दिवशी, ते आठवून आज लाज वाटते.

गुरुवारी सकाळी आबांसाठी खास शो लावला. मी सवयीनं कापूस घालून बघितला. संपल्यावर आबा वर खोलीत आले. एवढ्या वर्षांत ते जिना चढून क्वचित आले असतील.

"इस्माईल, फळा लिही. नऊ."

"आबा, शुक्रवारचा शो झाल्याबिगर मी लिहीत न्हाई."

"यावेळी लिही. आणि खाली लिही, मुलांना जरूर आणा. शाळांना सांगितलंय."

"लोक मला विचारतील."

"तुला विचारत्याल, मला पाहुणे विचारत्याल." ते खुर्चीवर टेकले. दटावत नव्हते, थकलेले वाटले. "घरातलं हाय रे. एकदाच लिही, परत न्हाई सांगणार."

मी लिहिलं. कुणी हात धरला नव्हता. नोकरी जाईल असं आबा म्हणाले नव्हते, बहुतेक गेलीही नसती. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नव्हतं आणि आता मागितलं तर नाही कसं म्हणू, एवढंच डोक्यात होतं. खडू घेतला, ठळक नऊ काढला, खाली ओळ लिहिली. मग, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी कोपऱ्यात कान काढला. पिक्चर आवाजाशिवाय समजत होता, तेवढं खरं होतं. वाटलं, निदान एक खूण तरी खरी असू दे.

रविवारी बाराच्या शोला गवळीबाई मुलांना घेऊन आल्या. मुलांनी चपला काढल्या, पाय टेकवले. मी आवाज वाढवला.

पिक्चरच्या मध्यावर ऊसतोड कामगारांच्या कोप्यांचा प्रसंग होता. कोप्या म्हणजे साखर कारखान्यावर उसाच्या पाचटाच्या, बांबूच्या झोपड्या असतात त्या. कोप्या पेटतात. हिरो लेकराला घेऊन बाहेर येतो, आई आत राहते. हिरोच्या तोंडावर राग दाखवायचा म्हणून ती आई फार वेळ जळताना दाखवली होती, जवळून, सावकाश, दोनदा.

पहिल्यांदा दाखवली तेव्हाच पुढच्या रांगेतून एक डोकं उठलं. पल्लवी पडद्याच्या दिशेनं पळत गेली, पुढचा लाकडी ओटा चढली आणि अंगातला शाळेचा स्वेटर ओढून काढला. मग दोन्ही हातांनी तो स्वेटर ती पडद्यावर मारायला लागली, आग विझवायला मारतात तसा. तिच्या तोंडातून आवाज निघत होता. तीन वर्षांत मी तो पहिल्यांदा ऐकला. मागं काही लोक हसले, कुणीतरी शिटी मारली. त्यांना वाटलं पोरगी खूश झाली आहे.

मी मशीनचा दिवा बंद केला. पडदा काळा झाला, पण घाईत आवाज बंद करायचा राहिला. अंधारात आगीचा तो धडधडाट चालूच होता आणि पुढच्या रांगेतली बाकीची मुलं पाय टेकवून बसली होती. त्यांच्या पायातून तो जात होता. माझ्या हाताला बटण सापडायला किती वेळ लागला कुणास ठाऊक.

हॉलचे दिवे लावून मी खाली आलो. बाई पल्लवीला उचलून बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. एवढी मोठी पोरगी, पण लहान बाळासारखी त्यांच्या खांद्याला चिकटली होती. तिनं स्वेटर सोडला नव्हता.

"इस्माईलभाई, पिक्चर तुम्ही बघितला होता ना?"

"हो, बाई."

"कापूस घालून?"

"हो."

त्यांनी पल्लवीची पाठ थोपटली. मग म्हणाल्या, "हिची आई कोपीत जळून गेली. कारखान्यावर, दिवसाढवळ्या. ही बाहेर कडेला खेळत होती. पाठ होती कोपीकडं. आईनं हाका मारल्या असतील. हिला ऐकू आल्या नाहीत. नंतर वळून बघितलं तेव्हा सगळं पेटलं होतं."

मी म्हणालो, "मला माहीत न्हवतं."

"ते तुम्हाला कसं माहीत असणार," त्या म्हणाल्या. "आग आहे एवढं तर माहीत होतं." आणि मुलांना जीपमध्ये बसवून निघून गेल्या.

मी ओल्या फडक्यानं फळा पुसला. लिहिलं: "तीन. मुलांना आणू नका. माणूस जळताना दाखवला आहे. आधीचे मार्क मी पिक्चर चालायच्या आधी लिहिले होते आणि ते खोटे होते." खाली माझं नाव. तीनच्या शोसाठी आलेले लोक फळ्यापुढं गोळा झाले. काही परत गेले, पुष्कळ आत गेले. अर्ध्या तासात आबांची गाडी आली. त्यांनी उभ्याउभ्या फळा वाचला.

"कावून लिहिलं हे?"

मी पल्लवीचं सांगितलं. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माणसाला सांगून फळा काढला आणि गाडीच्या डिकीत टाकला. "लई वाईट झालं," ते म्हणाले. "पण एका पोरीसाठी पाहुण्यांचं नाव गेटवर टांगायचं का?" मी खोलीची किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा परत द्यायला हात पुढं केला, मी घेतली नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. आज आबा नाहीत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. खडू माझ्या हातात होता.

मोबाइलवर त्या पिक्चरला अजून नऊच्या जवळपास मार्क आहेत. लिहिताना मुद्दाम नातवाकडून बघून घेतलं. ते कुणी पुसत नाही. पुसायला कुणी एक माणूसच नाही तिथं.

आठ दिवसांनी मी शाळेत गेलो. दुपारची सुट्टी होती, मुलं लिंबाखाली खेळत होती. बाईंनी पल्लवीला बोलावलं. मी बरोबर काही खाऊ वगैरे नेला नव्हता, तो न्यायची हिंमत झाली नाही. ती माझ्यासमोर ओट्यावर बसली. मी बोलत होतो आणि बाई हातांनी तिला सांगत होत्या. मी म्हणालो, ती आग खरी नसते. पिक्चरमधल्या बाईला आधी वेगळं उभं करतात, आग वेगळी काढतात, मग कॉम्प्युटरवर एकत्र करतात. ती बाई घरी गेली, जेवली, झोपली. पल्लवी बाईंचे हात लक्ष देऊन बघत होती. मान हलवली. हे तिला माहीत असावं, किंवा शाळेत समजावलं असावं.

मग तिनं मला काहीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, "विचारतेय, तुम्ही आधी एकट्यानं बघितला तेव्हा तुम्हाला भीती वाटली नव्हती का?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. त्या गुरुवारी तो प्रसंग आला तेव्हा मी खिडकीपासून तोंड फिरवलं होतं. कानात कापूस होता, आवाज येत नव्हता, तरी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो होतो. संपलं असेल असा अंदाज घेऊन मग परत वळलो होतो. आणि तासाभरानं खाली जाऊन फळा लिहिला होता.

मी म्हणालो, "वाटली होती. मी तोंड फिरवलं होतं."

बाईंनी तिला सांगितलं. पल्लवीनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, गणित चुकलेल्या पोराकडं दुसरं पोर बघतं तसं. मग एका हाताच्या तळव्यावर दुसऱ्या हाताचं बोट खडूसारखं ओढलं आणि हात माझ्यापुढं उघडा धरला. बाईंनी अर्थ सांगितला.

"म्हणतेय, मग तेवढंच लिहायचं होतं ना."